वडिलांची अँजिओप्लास्टी केली नाही, केस होते का?

दिग्रसकडच्या एका भाऊंनी विचारलंय. वडील ७८ वर्षांचे, अटॅक आला, प्रायव्हेट दवाखान्यात नुसत्या औषधांवर ठेवलं अन् पाचव्या दिवशी गेले, बाजूच्या बेडवरच्या ४१ वर्षांच्या माणसाची मात्र त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. दीड वर्ष झालं, आता केस टाकायची आहे.

भाऊ, स्पष्टच सांगतो, त्या ४१ वाल्याशी तुलना करून केस उभी राहत नाही. तुमच्या कागदावर एनस्टेमी लिहिलंय, म्हणजे सहसा हृदयाची नस पूर्ण बंद न झालेला अटॅक, त्याचा स्टेमी असेल तं नस पूर्ण बंद, तिथं वय न पाहता लगेच उघडावी लागते, तुमच्या वडिलांचं तसं नव्हतं. ब्रिटनमध्ये एनस्टेमीच्याच, ७५ च्या वरच्या १५१८ पेशंटवर सीनियर-रिटा ट्रायल झाली, २०२४ मध्ये निकाल आला, अँजिओग्राफीला (नसांची तपासणी, गरज पडली तं अँजिओप्लास्टी) नेलेले अन् फक्त औषधांवरचे, दोन्हीकडे हृदयविकारानं मृत्यू किंवा पुन्हा अटॅक मिळून २६ टक्क्यांच्या आसपासच. समोरचा वकील हाच कागद काढणार. अन् दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून डॉक्टर हलगर्जी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जेकब मॅथ्यू केसमध्ये २००५ लाच सांगितलंय.

मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही लिहिता, डॉक्टर एवढंच म्हणाले की "वय झालंय", अन् तिसऱ्या दिवशी छाती पुन्हा दुखत होती. औषधानं दुखणं थांबत नसेल तं एनस्टेमीतही तातडीनं अँजिओग्राफीचा विचार करावा लागतो. तेव्हा ईसीजी काढला का? किडनी, रक्तस्रावाचा धोका, नागपूरला न्यायचा पर्याय, यातलं काही सांगून सही घेतली का? पर्याय अन् धोके पेशंटला सांगावेच लागतात, सुप्रीम कोर्टाचा समीरा कोहली निकाल, २००८. केस असलीच तं इथं आहे.

म्हणून आधी केसपेपर मागा, लेखी अर्ज देऊन पोच घ्या, ७२ तासांत द्यायचा नियम आहे. मग ते नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, गावातल्या हुशार लोकांना नाही.

ग्राहक आयोगात मुदत २ वर्षांची, म्हणजे तुमच्याकडे सहाच महिने. यवतमाळलाच टाकता येते, बिल ५ लाखांच्या आत असेल तं फी लागत नाही. पोलीस केस सध्या राहू द्या, तिथं घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. अन् तुमचा चुलतभाऊ दवाखान्याच्या काचा फोडायचं म्हणतो ना, त्याला आवरा, दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे अन् गुन्हा अजामीनपात्र.