इंटरसेप्टर घ्यावी की एसएम?

प्रश्न : ब्रिटिश जेन्सन इंटरसेप्टर मार्क 3 आणि फ्रेंच सिट्रोएन एसएम, या दोन्ही जुन्या गाड्या विकत मिळण्याजोग्या आहेत. घोडबंदर रोडला राहतो, गाडी पोडियमखाली उभी राहील. कोणती घ्यावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वेग विसरा. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं अडकल्यावर काय होईल, ते आधी बघा.

इंटरसेप्टरचं क्रायस्लर व्ही8 (6.3 किंवा 7.2 लिटर) दणकट आहे आणि त्याचे पार्ट अमेरिकेत आजही बनतात. पण एवढं मोठं इंजिन बॉनेटखाली दाटीवाटीनं बसवलंय, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटर नवा कोर घालून घ्या, दोन्ही इलेक्ट्रिक फॅन वेळेवर सुरू होतात का ते तपासा. गरम गाडी बंद करून लगेच सुरू होत नसेल, तर कार्ब्युरेटरमधलं (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातलं) पेट्रोल उकळतंय. त्याखाली उष्णता अडवणारा बेकलाइटचा स्पेसर टाका. जुने रबरी पेट्रोल पाइप इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकत नाहीत, ते आधी बदला. खरी भीती गंजाची. लोहचुंबक कापडात गुंडाळून दारांखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पोटीन आहे. खाडीच्या दमट, खारट हवेत असा पत्रा फार टिकत नाही.

एसएम (1970–75) मला जास्त आवडते. मासेरातीचं 2.7 लिटर व्ही6 आणि रस्ता विसरायला लावणारं सस्पेन्शन! पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळं एलएचएम नावाच्या एकाच हिरव्या खनिज तेलाच्या दाबावर चालतं. कुणी त्यात साधं ब्रेक ऑइल ओतलं की सील फुगले, संपलं. बघायला जाल तेव्हा इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि या तेलाचा दाब सांभाळणाऱ्या हायड्रॉलिक रेग्युलेटरची ‘टिक’ ऐका. दर दोन-तीन सेकंदांनी टिक वाजत असेल, तर दाब साठवणाऱ्या मुख्य गोळ्यातला नायट्रोजन गेलाय. टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या साखळीचा) ताण कधी तपासला ते विचारा. चेन सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. सोडियम भरलेले मूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटतात, ते भरीव बसवलेत का तेही विचारा. आणि उभी गाडी हळूहळू खाली बसते, म्हणून स्टँड लावल्याशिवाय तिच्याखाली कधीही जाऊ नका.

ठाण्यासाठी इंटरसेप्टर घ्या. ती साधा पण हुशार मेकॅनिक सांभाळू शकेल. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे मिळतं, एसएम कारखान्यातून डावीकडचीच निघे.

50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या नंबर मालिकेत नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोलसाठीच बाहेर काढायची. व्यवहाराआधी इंजिन आणि चॅसी नंबर कागदांशी स्वतः ताडून घ्या.