इंडेक्स आहे, तरी क्वेरी संथ का?

प्रश्न : व्यवहारांच्या टेबलमध्ये सुमारे 40 लाख नोंदी आहेत आणि तारखेच्या कॉलमवर मी इंडेक्स (झटपट शोधासाठीची क्रमवार सूची) केला आहे. तरीही ‘तारखेचे वर्ष 2023’ अशी अट घातलेली क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) पूर्वीइतकीच संथ चालते. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. सर्व्हरची मेमरी वाढवावी का?

उत्तर : मेमरीकडे वळण्याआधी आपली अट पुन्हा वाचावी. इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या असतात. तारखेतून वेगळे काढलेले वर्ष तिथे नसते. त्यामुळे कॉलमवर वर्ष काढण्यासारखे फंक्शन लावले, की एकेका नोंदीचे वर्ष काढून ते ताडून पाहण्यावाचून डेटाबेसला गत्यंतर उरत नाही. ‘कार’ने संपणारे शब्द शोधायचे असतील, तर शब्दकोशाच्या अकारविल्हे मांडणीचा काय उपयोग? (मजकुराचा नमुना शोधणाऱ्या लाइकच्या अटीत सुरुवातीलाच ‘काहीही चालेल’ या अर्थाचे टक्केचिन्ह दिले, तरी नेमके हेच घडते.) फंक्शनवरच इंडेक्स करण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण एवढ्यासाठी ती वापरू नये, कारण प्रत्येक जादा इंडेक्सचा भार नोंदी घालताना आणि बदलताना सोसावा लागतो.

त्याऐवजी ‘तारीख 1 जानेवारी 2023 किंवा त्यानंतरची, आणि 1 जानेवारी 2024 च्या आधीची’ अशी अट मांडावी. बिट्वीन (‘या दोन मर्यादांच्या दरम्यान’ अशी अट) वापरून ‘31 डिसेंबरपर्यंत’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल, तर ती मर्यादा 31 डिसेंबर उजाडतो त्या मध्यरात्रीलाच संपते आणि त्या दिवसाचे जवळजवळ सगळे व्यवहार अहवालातून निसटतात.

एवढे करूनही इंडेक्स वापरला जाईलच, असे नाही. टेबलातील निम्म्या नोंदी 2023 च्याच असतील, तर पोस्टग्रेस इंडेक्स सोडून टेबलाची 8 किलोबाइटची पाने (साठवणुकीचे तुकडे) ओळीने वाचत जाईल, आणि ते योग्यच ठरेल. मूळ सेटिंगनुसार ओळीने वाचलेल्या पानाचा खर्च 1, तर इकडून तिकडे उडी मारून वाचलेल्या पानाचा 4 धरला जातो. अशा अंदाजी खर्चावरून मार्ग निवडण्याची पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात घडली आणि पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी 1979 मध्ये ती मांडली. आजचे बहुतेक रिलेशनल डेटाबेस तिच्याच वाटेने जातात.

म्हणून क्वेरीसाठी निवडलेला मार्ग दाखवणारी एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ ही आज्ञा चालवून अंदाजित आणि प्रत्यक्ष नोंदींचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. लागलेल्या वेळेपेक्षा मला हे दोन आकडे अधिक बोलके वाटतात. त्यांत शंभरपटीचा फरक असेल, तर बहुधा अंदाजासाठी डेटाबेसने जमवलेली टेबलाची आकडेवारी शिळी झालेली असते आणि ती ताजी करणारी अ‍ॅनालाइझ ही वेगळी आज्ञा टेबलवर चालवल्याने काम भागते. ही आकडेवारी आपोआप ताजी होते खरी, पण मूळ सेटिंगप्रमाणे सुमारे 10 टक्के नोंदी बदलल्यावरच. तेव्हा मोठी आयात झाल्यावर ते काम हातानेच उरकावे. एक सावधगिरी : एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखरच चालवते, त्यामुळे नोंदी पुसणारे डिलीट तपासायचे असेल तर ते ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र मागे घेता येणाऱ्या आज्ञांच्या गटात) घालून शेवटी रोलबॅक करावे, म्हणजे बदल मागे घ्यावेत.

प्रश्न : एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक मी ‘नॉट इन’ने (‘ऑर्डरच्या यादीत नसलेले’ अशा अटीने) शोधतो. असे ग्राहक आहेत याची खात्री आहे, तरी उत्तर रिकामे येते.

उत्तर : ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांकाची एखादी जागा नल, म्हणजे रिकामी, असणार. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरे नसते आणि खोटेही नसते, ते अज्ञात असते. यादीत एक जरी नल आला, तरी कोणताच ग्राहक यादीत ‘नाही’ असे ठामपणे म्हणता येत नाही आणि सगळेच वगळले जातात. त्याऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ (‘जुळणारी नोंदच नाही’ अशी अट) वापरावे. त्यात ही अडचण येत नाही, शिवाय पोस्टग्रेसला ते अँटी जॉइन (जोडी न सापडलेल्या नोंदीच ठेवणारी जोडणी) म्हणून चालवता येत असल्याने मोठ्या टेबलांवर वेळही बराच वाचतो. मात्र ऑर्डरमध्ये ग्राहक क्रमांक नसणे मुळातच चूक असेल, तर त्या कॉलमवर नॉट नलची (जागा रिकामी न सोडण्याची) अट आधी घालावी.