सिस्टमडी की देवुआन? इतवारीतल्या सर्व्हरवरून सांगतो

छोट्या ऑफिसच्या सर्व्हरला सिस्टमडीवालं डेबियन बरं की सिस्टमडी काढून टाकलेलं देवुआन, असं विचारलंय तुम्ही. (दोन्ही लिनक्सच; सिस्टमडी म्हणजे मशीन चालू झाल्यावर बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा, सांभाळणारा भाग.) डेबियन टाका.

नागपुरात इतवारीतल्या एका होलसेल दुकानाचा सर्व्हर मी बघतो. बिलिंगचा डेटा वेगळ्या स्टोरेज डब्यावर, एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची पद्धत) जोडलेला. आधी हे काम माझ्या एका सीनियरकडे होतं, जुन्या इनिट स्क्रिप्टवाले (प्रोग्रॅम सुरू करायची सिस्टमडीआधीची पद्धत). डबा उशिरा सुरू होतो म्हणून त्यांनी स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ६०', म्हणजे ६० सेकंद थांब, असं टाकून ठेवलेलं. मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला. लाइट आल्यावर डबा डिस्क तपासत बसला, ६० सेकंद उलटून गेले, आणि बिलिंगला डेटाच्या जागी रिकामं फोल्डर मिळालं. त्याने गुपचूप नवी फाइल उघडली. काउंटरवर पुढचं बिल निघालं ते नंबर १! हमाल पोती चढवून राहिले होते आणि मालक फोनवर, "भाऊ, सकाळचा हिशेब गेला कुठं?" दोन्ही फायली जुळवता जुळवता रात्र झाली.

सिस्टमडीत यासाठी युनिट फाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा, कधी सुरू करायचा ते सांगणारी फाइल) एक ओळ लागते: रिक्वायर्स-माउंट्स-फॉर आणि पुढे फोल्डरचा पाथ. फोल्डर माउंट झालं नाही, म्हणजे जोडलंच गेलं नाही, तर बिलिंग सुरूच होत नाही, आणि जर्नलसीटीएलमध्ये (लॉग बघायची कमांड) 'डिपेंडन्सी फेल्ड' असं स्पष्ट दिसतं.

सीनियरचं पालुपद एकच: "सगळंच एका जागी घुसवून राहिले ते." साफ चूक. पीआयडी १ (सगळ्यात आधी सुरू होणारा मुख्य प्रोग्रॅम) वेगळा, लॉग ठेवणारा जर्नलडी वेगळा, लॉगिन सांभाळणारा लॉगिनडी वेगळा. नेटवर्क लावणारा नेटवर्कडी आणि नावावरून पत्ता शोधणारा रिझॉल्व्हडी तर डेबियनच्या साध्या सर्व्हरवर आपण लावल्याशिवाय चालतही नाहीत. २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं, त्या भांडणातून देवुआन निघालं. विरोध करणारे अडाणी नव्हते, हे मी मानतो. पण 'एका प्रोग्रॅमने एकच काम नीट करावं' म्हणणाऱ्या युनिक्सच्या कोणत्या तत्त्वात 'स्लीप ६०' बसतं?

हो, ओपनआरसीतही (सिस्टमडीला एक पर्याय) 'नीड' लिहून क्रम लावता येतो. अल्पाइन लिनक्सवर मी तेच वापरतो. आणि टेक्स्ट लॉगमध्ये ग्रेप मारायची (शब्द शोधायची) सवय असेल तर साध्या टेक्स्ट फायलीत लॉग लिहिणारा आरसिसलॉग वेगळा टाका, डेबियन १२ पासून तो आपोआप येत नाही.

सीनियर हे वाचत असतील तर: सर, फोल्डर जोडलंय की नाही हे स्क्रिप्टमध्येही माउंटपॉइंट कमांडने तपासता येतं. तुमच्यासारखा मुरलेला माणूस ते लिहीत नाही, म्हणूनच ही तपासणी माणसावर न सोडता सिस्टिमकडे द्या म्हणतो मी.