साताऱ्यात राहून पाण्याखालची फोटोग्राफी शिकता येईल का? मालवणच्या प्रवाळांना तिचा काही उपयोग?

दोन्ही होईल. सराव पोहण्याच्या तलावात करा, पावसाळ्यातल्या गढूळ कृष्णेत नको. हाउसिंग म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी. तिच्या ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस अडकला तरी आत पाणी शिरतं. म्हणून आधी कॅमेऱ्याऐवजी आत टिश्यू पेपर ठेवून बुडवून बघा.

मालवणला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. ५ मीटरखाली लाल रंग फारसा उरत नाही, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) त्याच खोलीवर पांढऱ्या पाटीवर लावा. लांबून झूम केलं की मधल्या पाण्यातले कण फ्लॅशमध्ये चमकतात. अर्ध्या मीटरवर या, फ्लॅश लेन्सपासून दूर बाजूला धरा.

रंगीत मासे सगळेच टिपतात. प्रवाळात अडकलेलं जाळं, शेजारी मोजपट्टी, सोबत तारीख आणि खोली, असा फोटो सागरी जीवांचंही काम पाहणाऱ्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाला जास्त कामाचा. प्रवाळ कायद्यानं संरक्षित आहेत, तोल सावरायलाही हात टेकवू नका.