हळदीचं ऑनलाइन दुकान काढतोयस तर आधी हे वाच

भावा, साइटची थीम, म्हणजे तयार डिझाइन, कुठली घेऊ हे नंतर विचार, आधी फोटो बघ तुझे. मी सांगलीतच बेदाण्याची साइट बनवली तेव्हा मोबाईलवरनं काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले होते, आणि गिऱ्हाईक गावाकडं रेंज नसलेल्या ठिकाणी पांढरा स्क्रीन बघत बसायचं, मग कंटाळून फोनच करायचं, "बेदाणं हायत का नाय?" आता मी फोटो लहान करून वेबपीमध्येच (फोटोच्या हलक्या फाइलच्या प्रकारात) टाकतो, शंभर केबीच्या आत. पेजस्पीड इन्साइट्स हे साइटचा वेग मोजणारं गुगलचं साधन फुकट आहे, त्यात साइट तपास. गुगलनं मार्च २०२४ पासून एफआयडी हे जुनं माप काढून आयएनपी आणलंय, म्हणजे बटण दाबल्यावर पान किती पटकन हलतं ते, २०० मिलिसेकंदाच्या आत पाहिजे. उगाच पंधरा प्लगिन (साइटला जोडायची जादा सॉफ्टवेअर) टाकलीस की तो वेग गेलाच म्हणून समज.

दुसरं जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय मोठ्या मार्केटप्लेसवर, म्हणजे दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात, विकता येतं, पण फक्त राज्यातल्या राज्यात, आणि जीएसटीच्या पोर्टलवरनं एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. बेळगावची ऑर्डर आली म्हणून हुरळून जाऊ नको, ते दुसरं राज्य झालं, आधी सीएला विचार.

हां, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण म्हणून जीआयचा लोगो आपल्या मनानं पाकिटावर छापायचा नसतो, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. एफएसएसएआय नंबर (अन्नसुरक्षा परवान्याचा) मात्र पाकिटावर पाहिजेच.