जीपेवर आलेली टिप हॉटेल मालक स्वतःकडे ठेवू शकतो का?

मालवणच्या रिसॉर्टमध्ये टिप मालकाच्या क्यूआरवर जमा होते आणि ती फुटलेल्या ग्लास-प्लेटांत वळती केली असं तो सांगतो, हा तुमचा प्रश्न. तर नाही, ठेवू शकत नाही. मात्र आपल्याकडे टिपेसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून तक्रारीत काय लिहिता याला फार महत्त्व आहे.

टिप म्हणजे पगार नव्हे. आयटीसीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये म्हटलं की कार्डावरून आलेली टिप हॉटेलकडे फक्त विश्वस्त म्हणून असते, ती कर्मचाऱ्यांना द्यायची रक्कम. निकाल आयकराचा आहे, पण मालकाला पत्र लिहिताना त्याचाच आधार घ्या. बिलात 'सर्व्हिस चार्ज' म्हणून लावलेली रक्कम मात्र टिप धरू नका, तिचा हिशेब वेगळा.

आता पुरावा. बिल १,८४० रुपयांचं आणि पाहुण्याने २,००० पाठवले, तर वरचे १६० तुमचे, हे दाखवता आलं पाहिजे. रोज वहीत तारीख, टेबल, बिल नंबर, बिलाची रक्कम, आलेली रक्कम लिहा. पाहुण्याच्या मोबाइलचा फोटो काढू नका, आणि गुपचूप स्वतःचा क्यूआर तर मुळीच पुढे करू नका. कामावरून काढायला आयतं कारण मिळतं. स्टाफचा वेगळा क्यूआर ठेवा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून लेखी करा.

मालक खरा अडकतो तो पगारात. 'टिप मिळते ना, मग पगार कमी' हे चालत नाही. टिप गिऱ्हाईक देतं, मालक नव्हे, हे जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ सालीच स्पष्ट झालंय. पगार किमान वेतनापेक्षा कमी असेल, तर टिप न धरता फरक मागा.

फुटतुटीची कपात वेतन संहितेनुसार (पगाराबाबतचा केंद्राचा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू) फक्त तुमच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंची होते. तीही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर, आणि नुकसानीपेक्षा जास्त नाही. सगळ्यांच्या पगारातून सरसकट दोनशे रुपये कापणं यात बसत नाही.

अर्ज जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. कमी पगार आणि कपात आधी लिहा, टिप शेवटी. नुसती टिप लिहिलीत तर 'हे वेतन नाही' म्हणून अर्ज बाजूला पडू शकतो. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पगार पूर्ण दिला हे सिद्ध करणं मालकावर असतं. त्यामुळे सीझनमध्ये भांडण नको असेल तर पावसाळ्यात अर्ज केलात तरी चालेल, फक्त वही घरी न्या. काम सोडल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. फुकट वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे.