पाबे घाटाच्या माथ्यावर साडेअकरा वाजले तर

पुणे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि सोबत पाठवलेला रस्त्याचा कच्चा आराखडाही नीट पाहिला. राजाराम पुलावरून निघून खडकवासला, डोणजे, खानापूर आणि रांजण्यावरून पाबे घाट चढायचा, पलीकडे वेल्ह्यात उतरायचे, मग विंझर-मार्गासनीच्या रस्त्याने नसरापूर गाठून खेड शिवापूर आणि कात्रजच्या जुन्या बोगद्याने परत यायचे, असा हा फेरा शंभर किलोमीटरांच्या पुढे जातो. माउंटन बाइकच्या जाड, खोल खाचांच्या टायरांवर हे अंतर डांबरावरसुद्धा जड पडते, आणि तुम्ही तर मधल्या वाड्यांकडे जाणाऱ्या मुरमाच्या वाटाही धरणार आहात. तू मला विचारले आहेस ते पायांची तयारी कशी करावी याविषयी. त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुझ्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेले आहे, त्याने मला अधिक विचारात पाडले. तुम्ही पाच जण आहात, त्यांतले दोघे वर्षानुवर्षे घाट चढणारे आहेत, आणि एकाने यंदाच्या दसऱ्याला सायकल घेतली आहे. तुमचा दिवस कसा जाईल हे त्या दोघांच्या ताकदीवर फारसे अवलंबून नाही. त्या पाचव्याची दुपारी दोन वाजता काय अवस्था असेल यावर ते ठरेल, आणि म्हणून आखणीची सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे.

नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे तुमच्या हाती जेमतेम सव्वाअकरा तासांचा उजेड आहे. दिवे लावून पावणेसहालाच निघा. सिंहगड रस्ता त्या वेळी मोकळा असतो. दिवस शक्यतो शनिवारचा निवडा, कारण रविवारी संध्याकाळी सहलीहून परतणाऱ्या गाड्यांनी शहराकडे येणारा महामार्ग भरून जातो, आणि दिवसभर दमलेल्या माणसाने अशा गर्दीत सायकल चालवणे मला पसंत नाही. खडकवासल्यापासून पुढे पाण्याकाठचा रस्ता खालीवर होत जातो, हवा गार असते, पाय ताजे असतात, आणि नेमका इथेच बहुतेक गटांचा दिवस बिघडतो. पुढचे दोघे नकळत वेग वाढवतात, मागचे मान खाली घालून त्यांना गाठू पाहतात आणि खानापूर येईपर्यंत पाचव्याने दुपारसाठी राखायची शक्ती खर्चून टाकलेली असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांतच संपत येते. ती सकाळी उधळली की नंतर कितीही खाल्ले तरी त्याच दिवशी पुरती भरून येत नाही. म्हणून पहिले दोन तास प्रत्येकाने पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल एवढ्याच वेगाने जायचे, हे निघण्याआधी ठरवून घ्या. नियम त्या दोघांसाठी आहे, पण सांगताना सर्वांसाठी म्हणून सांग.

आता चढाविषयी. घाटात प्रत्येकाने आपापल्या गतीने चढावे, तिथे एकमेकांना धरून राहण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या लयीत चढणारा माणूस लवकर थकतो. मात्र वर थांबण्याची एक रीत आहे, आणि ती बहुतेक मित्रमंडळींत उलटी पाळली जाते. पुढचे दोघे माथ्यावर पोचतात, पंधरा मिनिटे सावलीत बसतात, फोटो काढतात, पाणी पितात. सर्वांत मागचा धापा टाकत वर येतो आणि तो येताच हे उठून म्हणतात, चला, निघू या. परिणामी ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत जास्त मिळते, आणि ज्याला गरज आहे त्याला ती दिवसभर मिळतच नाही. तेव्हा विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस सायकलवरून उतरल्यापासून मोजायची. याने एकूण वेळ वाढेल असे तुला वाटेल. प्रत्यक्षात तो बहुधा वाचतो, कारण अर्धमेल्या माणसामागे शेवटचे तीस किलोमीटर रांगत जाण्यात जो वेळ जातो त्यापुढे ही दहा-दहा मिनिटे काहीच नाहीत.

दुसरे असे, की त्या दोघांपैकी जो अधिक दमदार आहे त्याने सर्वांत मागे राहावे आणि हत्यारे, पंप व प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे असावी. मागच्याची साखळी तुटली आणि पान्यांची पिशवी मात्र चार किलोमीटर पुढे गेलेली, हा प्रकार हसण्यासारखा वाटतो. पण पाबे घाटाच्या आसपास मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. रस्ता जिथे जिथे फुटतो तिथे पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचे, यालाही अपवाद नको.

या फेऱ्यातली खरी निर्णयाची जागा म्हणजे पाबे घाटाचा माथा. तिथे पोचलात की समोर राजगड आणि तोरणा दोन्ही दिसतात, मन हरखून जाते आणि खाली वेल्हे अगदी हाताशी असल्यासारखे वाटते. पण हिशेब पाहा. माथ्यावरून मागे फिरलात तर घराकडचा रस्ता बव्हंशी उताराचा आणि ओळखीचा आहे. एकदा वेल्ह्यात उतरलात की परतायला एक तर तोच घाट उलट बाजूने चढावा लागेल किंवा नसरापूरवरून लांबचा पल्ला मारावा लागेल. म्हणून वेळ आदल्या दिवशीच ठरवून, लिहून ठेवा. साडेदहापर्यंत पाचही जण माथ्यावर असतील तर निर्धास्त पुढे जा. साडेअकरा वाजून गेले असतील तर तिथेच डबा खा, गड डोळे भरून पाहा आणि मागे फिरा. हा निर्णय माथ्यावर चर्चेला घेऊ नका. तिथे चर्चा झाली तर सर्वांत दमलेला माणूसच लाजेपोटी सर्वांत आधी म्हणतो की मी ठीक आहे, आणि त्या शब्दावर बाकीचे पुढे जातात. ज्या गोष्टी आधी ठरवता येत नाहीत, त्यांत निदान मत देण्याचा क्रम तरी ठरवा: मागच्याने आधी बोलायचे, पुढच्यांनी शेवटी.

वेल्ह्याच्या बाजूचा उतार तीव्र आहे, वळणे आंधळी आहेत, कडेला खडी सांडलेली असते आणि समोरून एसटी येऊ शकते. ब्रेक सतत दाबून धरून उतरणे ही नवख्यांची सवय असते; त्याने डिस्क तापते, पॅडची पकड कमी होते आणि बोटेही बधिर होतात. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात ज्या तरुणांनी जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली पिटाळत या खेळाला जन्म दिला, त्यांच्या मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस एका उतारात जळून जाई आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे भरावे लागे. आजचे हायड्रॉलिक ब्रेक पुष्कळ चांगले आहेत, पण उष्णतेचा नियम तोच आहे. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा, वळणात ते जवळजवळ सोडून द्यावेत, बाहेरच्या बाजूचा पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा, सीटवरून थोडे उठून वजन मागे न्यावे आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. हे त्या पाचव्याला घाटात शिकवू नका. आधीच्या आठवड्यात एखाद्या छोट्या उतारावर करून घ्या.

टायरमधल्या हवेबद्दल तू विचारले आहेस. ट्यूबचे टायर असतील आणि वजन साठ-सत्तर किलोच्या घरात असेल तर डांबरावर 35 पीएसआयच्या आसपास ठेव. मुरमाची वाट लांब असेल तिथे 28 पर्यंत उतरवायला हरकत नाही. त्याखाली गेलास की दगडावर आदळताना रिमच्या कडेखाली ट्यूब चिमटून तिला दोन भोके पडतात. ट्यूबलेसवाल्यांना आणखी उतरता येते, पण त्यांनीही एक ट्यूब जवळ बाळगावी. सामानात प्रत्येकी एक ट्यूब, आणि गटात मिळून पंक्चरचे सामान, साखळी तोडण्याचे हत्यार, साखळीच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी) आणि प्रत्येक सायकलचा स्वतंत्र डिरेलर हँगर हवा. हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटासा तुकडा, वाकण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणजे सायकल पडली तर फ्रेमचे नुकसान टळावे. पण तो प्रत्येक मॉडेलला वेगळा लागतो आणि वेल्ह्यात मिळणार नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीत पुणेकर सायकलस्वारांची एक लाडकी खोड आहे, ती म्हणजे डोणज्याला थांबून मिसळ खाणे. मिसळीशी माझे वैर नाही, पण तर्री पोटात घेऊन घाट चढू नये. ती दुसऱ्या दिवशी खावी. निघण्यापूर्वी पोहे किंवा गूळ-तूप-पोळी असे काही खा आणि पहिल्या तासापासूनच, भूक लागण्याची वाट न पाहता, तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहा. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम मिळतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची पोळी ही आपली जुनी शिदोरी खिशात नीट बसते आणि महागड्या पाकिटांच्या तोडीची आहे. शेंगदाण्याची चिक्की चवीला उत्तम, मात्र तिच्यातल्या स्निग्धांशामुळे ती सावकाश पचते, म्हणून ती चढाआधी न खाता सपाट रस्त्यावर खावी. वेल्ह्यात पिठले-भाकरी मिळाली तर निम्म्या पोटाने खा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि ऊन वाढले की एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ किंवा ओआरएस. नुसतेच पाणी पोटभर पीत राहिल्याने रक्तातले सोडियम कमी होण्याचा धोका असतो, हे फार जणांना ठाऊक नसते. कोणी बोलणे थांबवले, चिडचिड करू लागला किंवा उन्हातही त्याला शिरशिरी आली, तर त्याला सावलीत बसवा आणि खाऊ घाला. त्याने नाही म्हटले तरी. डोक्यावर पडलेला माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा त्याला उलटी झाली तर फेरा तिथेच संपला असे समजून 108 ला फोन लावा.

पायांच्या तयारीसाठी तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत. सिंहगडाचा घाटरस्ता सुमारे नऊ किलोमीटरांत सहाशे मीटरच्या आसपास चढतो, आणि पुण्यात राहणाऱ्याला यापेक्षा प्रामाणिक परीक्षक मिळणार नाही. आठवड्यातून एकदा तो चढा. चौथ्या आठवड्यात सकाळी एकदा चढून, खाली येऊन, अर्धा तास थांबून पुन्हा चढा. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला तर समज की पहिल्या खेपेला घाई झाली. पाचव्या मित्राने मध्ये उतरून सायकल ढकलली तरी चालेल. मला पाहायचे आहे ते एवढेच, की ढकलून वर आल्यावर तो पुन्हा बसतो की नाही. एक रविवार बोपदेव घाटाने सासवडला जाऊन त्याच वाटेने परत या. दिवे घाटात वाहनांची वर्दळ फार असते, तो टाळा. शेवटच्या आठवड्यात मात्र काहीही सिद्ध करायला जाऊ नका. हलके फिरणे आणि पुरेशी झोप, बस्स.

वेल्हे-नसरापूर रस्त्याला त्या दिवसांत भाताची कापणी-झोडणी चाललेली असते आणि काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेला असतो. त्यावरून चाक नेऊ नका आणि खाचरांच्या बांधावरून वाट काढू नका. ती कोणाची तरी वर्षाची कमाई असते. वाडीतून जाताना कुत्री अंगावर आली तर पळ काढण्यापेक्षा उतरून, सायकल मध्ये धरून चालत जावे. बहुतेक वेळा ती लगेच गप्प होतात.

नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावर महामार्ग लागला की शेवटचा प्रश्न उभा राहील. ते दोघे म्हणतील, खेड शिवापूरहून कोंढणपूरमार्गे डोणज्याला निघू या, रस्ता निवांत आहे. रस्ता निवांत आहे हे खरे, पण त्यात आणखी एक मोठा चढ आहे. चार वाजायच्या आत तिथे पोचलात आणि पाचव्याने आपणहून होकार दिला तरच त्याचा विचार करा. एरवी कात्रजचा जुना घाट धरा, मागचे दिवे लावा, अंगावर चमकणारी जाकिटे घाला आणि कडेच्या पट्टीतून एकामागून एक चला. पाचव्याच्या अंगात त्राण उरले नसेल तर चेलाडी फाट्यावरच त्याची सायकल टेम्पोत घाला आणि त्याच्याबरोबर एकाने बसा. त्यासाठी लागणारे पैसे आधीच पाच जणांत वाटून बाजूला काढून ठेवले असतील, तर त्याला ओशाळे वाटणार नाही.

आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचही सायकली माझ्याकडे घेऊन या. ब्रेक पॅड, साखळीची झीज आणि हँगर मी पाहून देईन. नव्या मित्राला अवश्य आण, आणि त्याची सीट किती उंच आहे तेही पाहू. तुझ्या पत्रातल्या फोटोत ती मला दोन बोटे खाली वाटली.

कळावे.